मखमलीची उलटी लव

शिवणकामाच्या त्या कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण कापड बेतून कात्री चालवणारी एकटीच. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शिलाई चुकली तर उसवता येते, कापलेलं काही सांधता येत नाही. म्हणून ते लांब टेबल म्हणजे मानाची जागा. ती तिने मशीनवर पाठ मोडून मिळवली होती.

गेलं वर्षभर मात्र तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पांघरूण घ्यावं तर आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, भिरकावून द्यावं तर घामाने भिजलेली पाठ गार पडायची. मग पाणी पी, खिडकी उघड, खिडकी लाव, मुलगी झोपली का बघ, गॅस बंद आहे का बघ.

"आई, गस्त घालायचा पगार घेत जा तू," मुलगी म्हणायची. नवरा कूस बदलून घोरत राही, आणि त्या घोरण्याचा तिला हेवा वाटे.

पाळी जाण्याचं वय, हे असं व्हायचंच, आपल्या आईनेही सोसलंच की, असं म्हणत तिने सगळं अंगावर काढलं. सकाळी बोटं सुजून यायची. त्याचा दोष ती कात्रीला देई.

अशात एका वाद्यवृंदाच्या कोटांसाठी मखमल आली. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे, नाहीतर एकाच कोटात दोन रंग दिसतात. मास्तरीणबाई डोळे मिटून, नुसत्या हाताने लव ओळखायची. त्या सकाळी दुसरा तागा अंथरताना तिने हात फिरवला, तर बोटं अशी जाड आणि बधिर की काही कळेचना. पुन्हा फिरवला. कुणाला तरी हाक मारावी असं मनात आलं. पण तिने लव दुसऱ्याला विचारायची म्हणजे आचाऱ्याने गिऱ्हाइकाला मीठ विचारण्यातली गत. तिने अंदाजाने कात्री घातली.

शिवलेला पहिला कोट घेऊन बटणांची काजं करणारी काजेवाली तिच्याकडे आली. "मास्तरीणबाई, अंग काळं आणि बाह्या करड्या, अशी फॅशन आलीय का हो?"

मालक तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा. "ताई, थोडे दिवस बटणं लावायला बसा," एवढंच म्हणाला. आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं. टेबल गेलं ते गेलंच, हा घोर आता रात्रीच्या जागरणात भर घालू लागला.

शेवटी मुलीने तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली, रक्त तपासलं.

"संधिवात दिसत नाही. पण अंगात सूज आहे. या वयात झोपेचे असे हाल झाले की सूज वाढू शकते, आणि दुखायला लागलं की उरलीसुरली झोपही जाते. कात्रीवर उगाच आळ घेताय तुम्ही."

"मग आता?"

"घामावर औषध देते. रोज चाला, संध्याकाळचा चहा सोडा. आणि बारीक काम सकाळी नको, बोटं मोकळी झाल्यावर करा. तसं सांगा कामावर."

तसं सांगा! ज्या पोराला ती थोरल्या बहिणीसारखी दटावायची, त्याला हे सांगायचं? दोन दिवस ती बटणं टाचत राहिली, वाक्य जुळवत आणि उसवत. तिसऱ्या दिवशी सुई खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझी पाळी जायची वेळ आलीय. रात्र रात्र झोप नाही, सकाळी बोटं सुजतात, म्हणून लव कळली नाही. दुपारी कळते. मला दुपारी कापू द्या."

मालक कानापर्यंत लाल झाला आणि गळ्यातली टेप उगाचच गुंडाळू लागला. मागून काजेवाली म्हणाली, "खरंय हो. माझीही तीच तऱ्हा, म्हणून सकाळी काजं वाकडी येतात. मी म्हटलं, मशीनच बिघडलं."

"सकाळी अस्तराचं कापा," तो टेपकडे बघत म्हणाला. "मखमल दुपारी. पण तागा अंथरला की आणखी एका बाईने हात फिरवून बघायचा. महिनाभर बघू, ताई."

दुसऱ्या बाईचा हात तिला बोचला. पण तिने मान डोलावली.

घरी मुलीने दारातच विचारलं, "काय ठरलं?"

"महिनाभर टेबल माझं. तेवढ्यात झोप सुधारायची."

"ती काय ठरवून येते?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि चप्पल न काढताच पुन्हा चालायला बाहेर पडली.