गुलमंडीच्या फोटोतला वाकलेला इसम

"पहिला हिचा, दुसरा माझा! बघा, डोळे फाडून बघा! पन्नास वर्षं मी काय येडी म्हणून ओरडत होते का?"

समोरच्या घरातल्या वहिनी टेबलावर मूठ आपटत होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं, दोन्ही गुडघे बदललेले, पण आवाज मूळचाच. त्या आवाजानं फोटो स्टुडिओच्या भिंतीवरची तीन नवरा-बायकोची जोडपी चौकटीसकट वाकडी झाली आणि खाली रस्त्यावर एका रिक्षावाल्यानं काही कारण नसताना गाडी बाजूला घेतली. टेबलावर वर्तमानपत्राच्या पानाएवढा मोठा केलेला एक जुना फोटो होता. गुलमंडीच्या मागचा चौक, सकाळची वेळ, एक सार्वजनिक नळ आणि नळापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत हंड्यांची रांग.

टेबलाच्या अलीकडं माझी थोरली बहीण, अक्का, कापडी पिशवी पोटाशी धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी हंड्याला हात लावला नाय."

हे वाक्य ती बहात्तरच्या दुष्काळापासून म्हणत होती. त्यात एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं मी कधी ऐकलं नाही.

आम्ही तिथं का जमलो होतो, ते आधी सांगतो. त्या स्टुडिओवाल्याचे वडील गावातले जुने फोटोग्राफर. ते गेल्यावर माळ्यावर निगेटिव्हच्या चार पेट्या निघाल्या. मुलगा, म्हणजे तोही आता साठीचा, त्यातले बरे फोटो मोठे करून प्रदर्शन भरवणार होता. पण फोटोखाली लिहायचं काय? कोणता चौक, कोणतं दुकान, पायरीवर बसलेला कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून दर रविवारी सकाळी तो गावातले पाच-सहा म्हातारे बोलवायचा, चहा पाजायचा आणि फोटो पुढं टाकायचा. त्यात मी मुख्य.

माझ्या तोंडून बरं दिसत नाही, पण ओळखण्यात माझा हात धरणारा औरंगाबादेत दुसरा नव्हता. पाटी दिसत नसली तरी मी दुकान सांगायचो. पायरीची झीज बघायची. आतल्या बाजूची झीज साड्या बघणाऱ्या बायकांची, बाहेरच्या कडेची झीज त्यांच्या नवऱ्यांची. माणूस पाठमोरा असला तर कानावरून ओळखायचा. एकदा मी नुसत्या सावलीवरून एक वकील ओळखला. त्यांचा नातू ते ऐकून तिथंच रडला आणि फोटो घरी घेऊन गेला. पुढं कळलं, फोटो काढला तेव्हा वकीलसाहेब जन्मालाच यायचे होते. पण नातवानं फोटो परत केला नाही, म्हणजे माझ्या ओळखण्यात काहीतरी दम असणारच.

एका रविवारी देशी दारूच्या दुकानाचा फोटो निघाला. कुणालाच ओळखता येईना. शेवटी एक रिटायर तलाठी म्हणाले, "मी कधी आत गेलेलो नाय. पण डाव्या अंगाचं बाकडं लंगडं होतं आणि त्याच्याखाली पत्र्याचा डबा लावलेला असायचा." दुसरे एक सज्जन, जन्माचे माळकरी, म्हणाले, "डबा नव्हे हो, वीट." अर्धा तास वाद झाला. दोघंही कधी आत गेलेले नव्हते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना हा हंड्यांचा फोटो आला आणि स्टुडिओवाल्यानं भोळेपणानं दोन्ही घरांना निरोप धाडला.

आता बहात्तरचा दुष्काळ. मी वाढवून सांगत नाही. हर्सूलच्या तलावात त्या साली इतक्या रुंद भेगा होत्या की एका भेगेत म्हैस उतरली, ती तिसऱ्या दिवशी दुसऱ्या भेगेतून वर आली, तीही वाळून शेळीएवढी होऊन. खेड्यातली माणसं खडी फोडायला रस्त्यावर, रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, आणि इकडं चिकलठाण्याला नवे कारखाने रोज भोंगे वाजवतायत. गाव पाण्यावाचून आटत होतं आणि माणसांनी फुगत होतं. त्या फुगवट्यात मीही होतो. गंगापूरकडच्या आमच्या शेतात ढेकळांशिवाय काही उगवेना, तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि गुलमंडीच्या मागं अक्काच्या सासरी राहायला आलो.

नळाला पाणी सकाळी अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं नुसती हवा. रांग लागायची आदल्या संध्याकाळी, पण माणसांची नव्हे, हंड्यांची. तो आमच्या आळीचा कायदा होता. हंडा ठेवून माणसानं घरी जायचं. हंडा म्हणजे माणूस. प्रत्येक हंड्याला खूण असायची. वहिनींच्या पितळी हंड्याला पोटाशी पोचा, अक्काच्या हंड्याच्या गळ्याला निळ्या चिंधीची गाठ. कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा वारले तरी त्यांच्या हंड्याची जागा तेराव्यापर्यंत कुणी घेतली नाही. दुसऱ्याच्या हंड्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या पोराच्या तोंडातला घास काढणं. खून केलेल्या माणसाला आमच्या आळीत मुलगी मिळाली असती. हंडा हलवणाऱ्याला नाही.

आणि एका सकाळी अक्काचा हंडा सातव्या जागेवरून पहिल्या जागेवर गेला. वहिनींचा पहिला होता, तो दुसरा झाला. त्या दिवशी पाणी आलं एक हंडा भरण्यापुरतं. वहिनींकडं नेमके सासरचे पाहुणे. पिठलं कालवायला पाणी नाही. सासूनं चार माणसांत त्यांना जे ऐकवलं, ते त्यांनी चौकात येऊन अक्काला ऐकवलं, व्याजासकट. अक्का म्हणाली, मी हात लावला नाय. मग दर संक्रांतीला वहिनींचं हळदीकुंकवाचं बोलावणं सगळ्या आळीला जायचं, अक्काचं दार सोडून. दाजी गेले तेव्हा सगळी आळी दारात बसली, वहिनी समोरच्या खिडकीत उभ्या राहिल्या. एवढी वर्षं समोरासमोर दारं, आणि मधल्या बारा फुटांच्या रस्त्यावर अक्काचं नाव एकच: पाणचोर.

एवढ्यासाठीच अक्का त्या रविवारी दोन जिने चढून आली होती. ते नाव मेल्यावर तरी पुसलं जावं, असं तिनं रिक्षात मला सांगितलं होतं. "फोटो खोटं बोलत नाय म्हणत्यात," ती म्हणाली होती. "बघू."

तर वहिनी मूठ आपटतायत. "चिंधीची गाठ पहिली! हे काय! अजून काय पाहिजे?"

"चिंधी पहिली हाय," अक्का म्हणाली. "मी लावला का हात, ते बघ."

स्टुडिओवाल्यानं भिंग आणलं. पहिल्या हंड्याशी एक काळपट डाग होता, तो सगळ्यांना नळाची सावली वाटत होता. भिंगातून बघितलं तर तो वाकलेला माणूस निघाला. तोंड पार खाली, दोन्ही हात निळ्या चिंधीच्या हंड्याच्या काठावर, एक पाय पुढं. हंडा ठेवता ठेवता सापडलेला. फोटोग्राफरचं लक्ष मागच्या कापडदुकानाच्या नव्या पाटीकडं होतं, हा इसम फुकटात आला होता.

वहिनींनी भिंग ओढून घेतलं. बघितलं. पुन्हा बघितलं. आवाज एकदम घरातला झाला.

"अगं, हा तर बाप्या हाय."

"व्हय," अक्का म्हणाली.

"पँट घातलीय मेल्यानं."

"व्हय."

मीही वाकून बघितलं. पँट बेलबॉटम होती. पायाचा घेर एवढा की आत एक कोंबडी खुडूक बसली असती आणि बाहेर कळलं नसतं. तशी पँट त्या आळीत त्या साली एकच होती. पहिल्या पगारात शहागंजच्या शिंप्याकडून शिवलेली. घोट्यापाशी शिलाई उसवली होती, तीही दिसत होती. अक्का तेव्हा बाळंतीण, पोरगी तेरा दिवसांची, तरी हंड्याला तीच जायची, आणि तीन दिवस आमचा हंडा भरेपर्यंत नळ कोरडा पडत होता. मी पहिल्या पाळीला निघताना चौकात कुणी नाही असं बघून तो हंडा पुढं नेला होता. कुणी नाही असं मला वाटलं होतं. वर गच्चीत कॅमेरा होता.

"भाईसाब," स्टुडिओवाला माझ्याकडं वळला, "अब बोलो. कौन है ये?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सावलीवरून वकील सांगणारा माणूस मी. इथं तर सबंध पाठ, दोन कान आणि एक उसवलेला पाय होता. वहिनी भिंग हातात धरून उभ्या. अक्का पिशवीकडं बघत होती. आता मी खरं बोललो असतो, तर हंडा अक्काच्याच घरानं हलवला असं झालं असतं, आणि बारा फुटांचा रस्ता होता तसाच राहिला असता.

मी चष्मा काढला, पुसला, घातला. "हा," मी म्हणालो, "गंगापूरकडचा माणूस."

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"ठेवण बघा," मी म्हणालो. "गंगापूरकडचे लोक वाकताना उजवा पाय पुढं टाकतात. उसाच्या सरीत चालून सवय. बिचारा तहानलेला आला असणार. पाणी धरायला हाताशी आला तो हंडा उचलला आणि नेऊन ठेवला नळाशी. त्याला काय ठाऊक आमचा कायदा?"

आणि मग तलाठी म्हणाले, "अहो, ह्याला तर मी ओळखतो! दर सोमवारी जीपनं यायचा. कापूस विकायला." माळकरी म्हणाले, "कापूस नव्हे, मिरच्या. डोळा थोडा तिरपा होता." फोटोत डोळा नव्हताच. दहा मिनिटांत त्या माणसाला दोन बायका, एक विहीर आणि कोर्टात चाललेला बांधाचा खटला मिळाला. मी थांबवायचा प्रयत्न केला, पण तो माझ्या हाताबाहेर गेला होता. स्टुडिओवाल्यानं चिठ्ठीवर लिहून घेतलं: 'दुष्काळातील हंड्यांची रांग. वाकलेला इसम गंगापूरचा.' प्रदर्शनात ते तसंच लागलं.

वहिनी खुर्चीवर बसल्या. भिंग टेबलावर ठेवलं. मग अक्काकडं न बघता म्हणाल्या, "माझी सासू लई बोलली होती गं त्या दिवशी."

"ऐकू आलं होतं," अक्का म्हणाली.

"तुला मी लई बोलले."

"तेबी ऐकू आलं होतं."

"उद्या चहाला ये. पाणी आलेलं असंल." हल्ली आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा येतं. गाव चहूकडं वाढलं, नळ घराघरात आला, पाणी तेवढं यायचं राहिलंय. "नसलं आलं तर जारचं करते. पण ये."

"येते," अक्का म्हणाली.

परत येताना मी रिक्षात गप्प होतो. हे माझ्या बाबतीत इतकं दुर्मीळ की रिक्षावाल्यानंही आरशातून दोनदा बघितलं. पैठण गेटापर्यंत मी कसाबसा दम धरला. तिथं सिग्नलला थांबलो, तेव्हा माझ्यानं राहवेना. अक्काचा पदर धरून सांगून टाकलं. तो गंगापूरचा माणूस मी. हंडा मीच हलवला. तू पन्नास वर्षं माझ्यापायी बोलणी खाल्लीस, आणि मी समोर बसून जेवत राहिलो.

सिग्नल सुटला. अक्कानं माझ्या हातातून पदर सोडवून घेतला आणि खांद्यावर नीट केला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पाणी पाहिजे होतं."