धाकट्याचं रडणं

दरवर्षी पोळा जवळ आला की माझ्या धाकट्या भावाचा एक व्हिडिओ परत फिरायला लागतो. कुणीतरी तो कुणाला पाठवतो, हिंडत हिंडत तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो आणि एखादी आत्या हसरे चेहरे टाकून विचारते, "हा आपलाच पोट्टा हाय ना वो?" आपलाच आहे. तो व्हिडिओ मीच केला होता. माझ्या खात्यावरून कधीच हटवला, पण लोकांनी आपापल्या फोनमध्ये उतरवून ठेवलाय त्याचं काय करणार? भाऊ आता सहावीत आहे. व्हिडिओ लागला की तो उठून बाहेर जातो. मी तिथंच बसून राहते आणि कुणी आपल्याकडे बघू नये एवढंच मनात असतं.

तेव्हा तो पहिलीत होता आणि मी अकरावीत, आमगावच्या कॉलेजात. दहावीला बरे मार्क पडले म्हणून बाबांनी मला फोन घेऊन दिला होता. "अभ्यासाले लागते म्हणते," असं ते आमच्या किराणा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. माझा अभ्यास म्हणजे नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर केस मोकळे सोडायचे, वाऱ्याची वाट बघायची आणि कुठल्यातरी गाण्यावर ओठ हलवायचे. हे व्हिडिओ बघणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि माझी मामेबहीण. त्यातही जास्त वेळा मीच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, लहान पोरांचा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं मारुतीच्या देवळापुढं येतात, चांगल्या सजलेल्या बैलांना बक्षिसं मिळतात आणि मग घरोघर बोजारा मागत फिरायचं, म्हणजे खाऊ नाहीतर सुटे पैसे. त्या वर्षी धाकट्यानं बैल स्वतः सजवला होता. दुकानातला चमकीचा कागद, आईच्या जुन्या साडीची झूल आणि एक मोडलेलं शिंग, त्यालाही कागद गुंडाळलेला. बक्षीस मिळालं गोंदियाहून विकत आणलेल्या एका उंच बैलाला. धाकटा देवळाच्या पायरीवर बसून असा रडला की काय सांगू. "त्याचा त इकतचा हाय," तो नाक पुसत म्हणत होता, "मायावाला घरचा हाय, मंग काऊन नाही देल्ला?"

आजूबाजूची माणसं हसत होती. मी फोन काढला. खरं तर जवळ घ्यायचं होतं, पण हात फोनकडे गेला.

घरी येऊन व्हिडिओ टाकला आणि फोन वेड लागल्यासारखा वाजू लागला. नागपूरची माणसं, रायपूरची माणसं, कुठली कुठली. किती गोड आहे, अजून टाका, रोज टाका. कॉलेजात ज्या मुलींनी कधी ओळख दाखवली नव्हती त्या जवळ येऊन विचारू लागल्या, "तूच का त्या रडणाऱ्या पोराची ताई?" बाबा दुकानात साखर तोलता तोलता व्हिडिओ दाखवायचे. आईनंही हसत हसत तो माहेरी पाठवला. मी वर्गात, बसमध्ये, जेवताना फोन उघडून बघायची. आकडा वाढलेला दिसला की जेवणही गोड लागायचं आणि नाही वाढला की आईवर उगाच खेकसायची.

आणि वाढायचा थांबलाच. लोकांना दुसरा व्हिडिओ हवा होता आणि दुसऱ्यासाठी धाकट्यानं रडायला पाहिजे होतं. तो तर मजेत होता. मग मी त्याचा बैल धानाच्या पोत्यांमागे लपवला आणि फोन सुरू करून विचारलं, "तुया बैल कोठं गेला रे?" तो घरभर शोधत फिरला. मी त्याच्यामागे फोन घेऊन फिरले. पुरेसं रडून झाल्यावर बैल काढून दिला, वर चिप्सचं पाकीट. तो डोळे पुसत हसला आणि मला वाटलं, झालं, यात कुणाचं काय बिघडलं?

आईला मात्र बिघडलं असं वाटलं होतं. "ऊस गोड लागला म्हनून मुयासकट खाते का?" ती म्हणाली. "पोराले रडवून कायले दाखवते लोकायले?" मी तिलाच सुनावलं की तुला यातलं काही समजत नाही आणि तूच तर मावशीला पाठवून राहिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. ती उठून आत कामाला लागली, कारण पाठवलं तर होतंच.

पुढं धाकटाही शहाणा झाला. फोन समोर आला की तोंड वाकडं करायचा, डोळे चोळायचा, आणि झालं की पाकिटासाठी हात पुढं. लोक काही बावळट नसतात. खाली लिहू लागले की पोरगं नाटक करतंय, डोळ्यांत पाणीच नाही. ते वाचून मला राग आला. लोकांचा नाही, त्याचा. एका रविवारी ओसरीत त्याला शेजारी बसवलं, फोन समोर टेकवून ठेवला आणि फोनमध्ये दिसणार नाही अशा बेतानं त्याच्या मांडीला चिमटा काढला. जोरात काढला. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो व्हिडिओ चांगला चालला.

संध्याकाळी आई त्याला अंघोळ घालत होती. मांडीवरचा काळानिळा डाग पाहून तिनं विचारलं, "हे काय लागलं रे?" मी दारातच उभी होते. साबणानं माखलेला तो एवढासा पोरगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुंगळा चावला." त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आईनं तांब्या ओतला आणि विषय संपला. मी परसात गेले, पण तिथंही मला उभं राहवेना. त्यानं माझं नाव सांगितलं असतं, मी आईचा मार खाल्ला असता, तर आज मी थोडी हलकी असते. त्यानं मला वाचवलं, आणि ज्या पोराला मी दुखवलं त्यानंच मला वाचवावं याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

एवढं होऊनही मी खातं बंद केलं नाही. पुन्हा चिमटा काढणार नाही अशी शपथ तेवढी घेतली आणि ती पाळली म्हणून स्वतःला बरीही समजत राहिले. व्हिडिओ चालूच होते.

दिवाळीच्या सुट्टीत धान कापायला बायका लावल्या होत्या. आई त्यांच्यासोबत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात होती आणि मी धाकट्याला घेऊन पाण्याच्या कळशा नेत होते. तो नवीनच सायकल शिकला होता. नहराच्या पुलावर त्याचा तोल गेला आणि तो सायकलसकट खाली पडला. नहर कोरडा होता, खाली नुसते दगड. मी कळशी टाकून धावले. बाबांना दुकानातून गाडी घेऊन बोलवायचं म्हणून उतरता उतरताच फोन काढला.

तो दगडात बसला होता. डाव्या मनगटाचं हाड वाकडं झालेलं मला वरूनच दिसलं. तोंड पांढरं पडलं होतं, ओठ दातांत धरलेले, पण आवाज नाही. तो माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या हातातल्या फोनकडे पाहत होता.

"थांब, बाबाले लावून राहिली," मी म्हणाले.

त्यानं चांगला हात उचलून चेहऱ्यासमोर धरला.

"ताई, हे खरं लागलं," तो म्हणाला. "हे नोको काढू."