आबा चेअरमनची टाकी

आबा चेअरमननी छातीवर थाप मारून “मी हाय ना!” म्हटलं की आमच्या गावची शहाणी माणसं मागं सरत. सोसायटीचं इंजिन बिघडलं, ते त्यांनी असंच “मी हाय ना” म्हणून उघडलं. इंजिन भंगारात गेलं, आबा बिनविरोध निवडून आले. टोपीची इस्त्री तेवढी कधी मोडली नाही बघा!

बहात्तरच्या दुष्काळात टँकरचं पाणी साठवायला गावात काहीच नव्हतं. धारूरच्या डोंगरात लढाईच्या काळातलं एक विमान पडलेलं होतं. त्याचा पत्रा लोकांनी केव्हाच गोठ्यांवर घातला होता. उरली होती पंखातली तेलाची टाकी. आबांनी ती बैलगाडीतून आणवली, हिरवी रंगवली आणि सोसायटीपुढच्या ओट्यावर बसवली. रंगावर स्वतःचं नाव, हे सांगायला नकोच.

उद्घाटनाच्या सकाळी गच्च बसलेलं झाकण कसंबसं निघालं. माझी सोजरकाकू तोंडाशी वाकली आणि झटकन मागं आली. “आबा, आत पेट्रोलचा वास मारतोय. आदी धुवून घ्या.”

“धुवायला पानी हाय का? अन् रिकामी टाकी कुटं पेटती व्हय, काकू!”

भोवतीचे हसले. तेल संपलं तरी त्याची वाफ आत कोंडून राहते, आणि भडकते ती वाफच. पण हे चेअरमनला सांगणार कोण? चेअरमनकडून फक्त ऐकायचं असतं!

बरं, नुसतं पाणी ओतून भागलं असतं. पण छे! सहकाराचं काम, आरती हवीच. आबांनी कापराचं ताट काकूच्याच हाती दिलं. “शंका तुमाला हाय ना? मंग आरती बी तुमीच करा. मी हाय ना!” काकू नको म्हणत होती. टँकरवाला निघायची घाई करत होता, बाया घागरी घेऊन ताटकळल्या होत्या. शेवटी तिनं टाकीच्या तोंडाशी ताट धरलं आणि आबांनी काडी ओढली.

भडक्यात काकूचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आबा मारुतीच्या देवळामागं लपलेले सापडले. मिशीचा केससुद्धा जळला नव्हता. मला त्या माणसाचा अजून संताप येतो.

पुढं आबा म्हातारपणानं गेले. सोसायटीत शोकसभा झाली. “संकटात आबा कायम पुढं असत,” असं एक जण बोलला, आणि कुणाला हसूही आलं नाही. समई लावायला गावातली वडीलधारी म्हणून काकूला बोलावलं. आखडलेल्या बोटांत काडेपेटी धरून ती आधी वाकली आणि समईचा वास घेतला.

मग तिनं हारातल्या फोटोकडं पाहिलं. “या खेपेला तेवढे जाग्यावर हायत,” म्हणाली, आणि काडी ओढली.