नंबर आणि आकडा

माझ्या ताईचे सासरे हे राष्ट्रउभारणीत आयुष्य वेचलेले गृहस्थ होते. बहुतेक आयुष्य इतरांनी उभारलेलं काढून टाकण्यात वेचलं, एवढंच. पाण्याच्या मीटरने आपला आकडा कार्यालयातल्या संगणकाला कसा कळवायचा, याचं मानक ठरवणाऱ्या समितीवर ते होते. त्यांच्या मते मीटरने दोनच गोष्टी सांगाव्यात, आपला नंबर आणि आपला आकडा. नवी सूचना आली की ते चष्मा काढून विचारत, "हे नसलं तर पाणी यायचं थांबेल का?"

ताईच्या लग्नाच्या बैठकीतही त्यांनी हेच केलं. "हे नसलं तर लग्न लागायचं थांबेल का?" असं विचारत बँड काढला, घोडा काढला, आहेर काढले, आणि शेवटी विहिणीचा रुसवाही काढला. आता ही विहीण म्हणजे त्यांच्याच सौभाग्यवती. लग्नाच्या दिवशी त्या खरोखरच रुसल्या आणि पंगत खोळंबली. वाढपी ताटकळलेले असताना हे मला गंभीरपणे म्हणाले, "बघा, मानकातून काढलेलंच लोकांना आधी हवं असतं."

समितीत मीटर कंपन्यांची माणसं असत. एकाला पाण्याचं तापमानही कळवायचं होतं.

"का हो, नळाला ताप आलाय?"

"सर, ऐच्छिक ठेवू."

"ऐच्छिक म्हणजे तुम्ही घालणार, हे शेजारचे घालणार नाहीत, आणि तुमचं भांडण माझ्या नळावर!"

वर्षानुवर्षं मानक चार पानांचं राहिलं. त्यांच्याखेरीज सगळ्यांना त्याची लाज वाटे. चार पानांचं प्रकाशन दिमाखात करता येत नाही.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते नव्हते त्या एका बैठकीत तापमान आलं, कंपनीचं बोधचिन्ह आलं, भाषांची निवड आली, सगळं ऐच्छिक. मानकाचा ग्रंथ झाला आणि शाल-श्रीफळासह प्रकाशित झाला. कोथरूडला त्यांच्याच सोसायटीत नवे मीटर बसले ते एका कंपनीचे, आकडे गोळा करणारी पेटी दुसरीची. दोघांना एकमेकांचं बोलणं कळेना. तेव्हापासून एक माणूस बॅटरी घेऊन येतो, वाकून नंबर आणि आकडा वाचतो, लिहून नेतो. हे गॅलरीतून बघत राहायचे. "चला, माझं मानक पाळणारा एक तरी निघाला," एकदा म्हणाले. हसले मात्र नाहीत. समितीचं बोलावणं पुन्हा आलं नाही, आणि जेवताना मीटरचा विषय ताईने कोणाला काढू दिला नाही.

ते गेल्यावर शोकसभेत समितीचे अध्यक्ष गहिवरून बोलले. त्यांच्या स्मरणार्थ मानकाला साधेपणाविषयीचं एक परिशिष्ट जोडण्यात आलं आहे.

ते ऐच्छिक आहे.