कलावतीचं बीट

रायपूरच्या गुढ़ियारी मोहल्ल्यातल्या कलावती मेश्रामने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस जायचीच; समोरच्याची इच्छा असो वा नसो. तिचा नवरा धर्मपाल रेल्वेत पॉइंट्समन होता. यार्डात आयुष्यभर गाड्यांचे रूळ बदलले, पण घरात बायको म्हणेल त्याच रुळावर चालला आणि सुखी राहिला.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रस्ते उकरले जात होते आणि अख्ख्या मोहल्ल्याला आपलंही काहीतरी बरं होणार असं वाटत होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर धर्मपालला जिना चढताना धाप लागायला लागली. गल्लीतल्या डॉक्टरने पापणी खाली ओढून पाहिली, "खून की कमी है," म्हणाला आणि गोळ्या दिल्या.

कलावतीचा गोळ्यांवर विश्वास नव्हता. तिने बीट मनावर घेतलं. सकाळी किसून, दुपारी डब्यात भाजी, संध्याकाळी उकडून. गुढ़ियारीत मिळालं नाही की ती भर उन्हात शास्त्री बाजार गाठायची. धर्मपालला बीटाचा मातकट वास सोसायचा नाही, पण बोलायची टाप नव्हती. नाक मुरडायचा आणि खायचा.

थंडीतच एकदा जेवता जेवता तो थांबला. मुलगी रीना ताट उचलून आत जाईपर्यंत गप्प राहिला. मग खाली बघत म्हणाला, "मले संडासले लाल होऊन राहिलं."

कलावतीला हसू आवरेना. "रोज बीट खासान तं लाल नाही तं काय हिरवं होईन?"

तोही हसला. ही गंमत तिने नळावर सांगितली आणि आठ दिवसांत धर्मपालचं नाव 'बीटवाले भैया' पडलं.

राखीच्या आधी त्याचं पोट फुगलं. घोटभर पाणीही ठरेना. मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी ऑपरेशन करावं लागलं. मोठ्या आतड्यात गाठ वाढून वाटच बंद झाली होती. डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी लावली. पंधरा दिवसांनी कागद आला, कॅन्सर. लिव्हरपर्यंत गेलेला.

"खून कब से जा रहा था?" डॉक्टरने विचारलं. तरुण मुलगा, डोळे झोपेने लाल.

"वो तो बीट का..." कलावती म्हणाली. तिने बोटांवर महिने मोजले. "आठ महीने."

"तभी ले आतीं तो..." एवढं बोलून तो पुढच्या खाटेकडे वळला. वॉर्ड भरलेला होता, त्या बिचाऱ्याला तरी वेळ कुठे होता! ते अर्धं वाक्य कलावतीने उचलून घरी आणलं आणि रोज भांडी घासताना ती ते पूर्ण करू लागली. तेव्हाच नेलं असतं तर गाठ कापून निघाली असती. तेव्हाच नेलं असतं तर रीनाच्या लग्नात हा माणूस मांडवात उभा असता.

नागपूरला दोनदा सलाईनमधून औषध दिलं. तिसऱ्यांदा तिथल्यांनीच हात जोडले. अंगात ताकद नाही, घरी न्या म्हणाले.

कलावतीने बीट बंद केलं. बाजारात बीटाचा ढीग दिसला की ती बाजूच्या गल्लीतून जायची. नवऱ्यापाशी कबूल करावं असं रोज वाटायचं, आणि रोज धीर व्हायचा नाही.

एका दुपारी ती त्याची पिशवी बदलत होती. तो म्हणाला, "बीट काहून बंद केलं?"

तिचा बांध फुटला. "माह्या बीटानंच घात केला तुमचा. रक्त जाऊन राहिलं होतं अन् मी बीट समजली. साऱ्या मोहल्ल्यात हासत फिरली."

"उगी राय. बीटाचा काय गुन्हा? रक्त तं त्याच्या आधीपासून जात होतं. दिवाळीच्याही आधी. असल्या जागेचं कोणाले सांगू, म्हून गप राहिलो."

क्षणभर तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग तिचे हात थांबले. तिला ते ताट आठवलं. रीना आत जाईपर्यंत धरलेला दम, खाली गेलेली नजर.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही मले रक्ताचंच सांगून राहिले होते?"

"हव," तो म्हणाला. तिचा चेहरा बघून घाईने पुढे बोलला, "पण तू अशी हासली ना, मले वाटलं, काई नसन. लय बरं वाटलं होतं मले."

नवी पिशवी कधीचीच बसली होती, तरी कलावती तिच्या कडा बोटांनी पुन्हा पुन्हा दाबत राहिली.