वळणापलीकडचं पाणी

तिला सगळे मासोळीच म्हणायचे. मुलांना नदीत पोहायला शिकवणं हा तिचा धंदा. भित्र्यातल्या भित्र्या पोराला ती अशी बोलण्यात गुंतवायची, की पोटाखालचा हात कधी निघाला हे त्याला कळायचंही नाही. मग गावाच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. पाणी कधी जांभळं, कधी शेवाळी. मुलांच्या अंगावर पुरळ उठायला लागलं आणि मासोळीचा धंदा बसला.

कारखान्याविरुद्ध पदर खोचून उभी राहिली तिची नणंद. शाळेत भूगोल शिकवायची, आवाज खणखणीत. "एक थेंबही नाही!" ही घोषणा तिचीच. दोघी उन्हापावसात फाटकासमोर बसल्या, पोलिसांच्या गाडीतही मांडीला मांडी लावून बसल्या. नणंद नगरपालिकेवर निवडून आली तेव्हा मासोळी आनंदाने रडली.

पुढे तोडगा निघाला. कारखान्याने पाईप लांबवायचा आणि घाण गावाखालच्या वळणापलीकडे सोडायची. गावापुरती नदी स्वच्छ.

"आणि वळणापलीकडची वस्ती?" मासोळीने जेवताना विचारलं.

"तिथे मूठभर घरं आहेत, वहिनी. इथे अख्खं गाव आहे. सगळंच मागत बसलो असतो तर हाती धुपाटणंच आलं असतं. पुढच्या टप्प्यात त्यांचंही बघू."

"पण ताई, एक थेंबही नाही म्हणालो होतो ना आपण?"

"ते फाटकासमोर म्हणायचं असतं. बैठकीत मतं लागतात."

नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला, "पोरीची खाज थांबणार ना? मग झालं तर."

खाज थांबणारच होती. मासोळीचा घास तोंडातच फिरत राहिला.

काही महिन्यांत पाणी निवळलं. समारंभ ठरला. पहिली उडी मासोळीने मारायची. आदल्या दिवशी ती एकटीच वळणापलीकडे चालत गेली. पाईपच्या तोंडाशी फेसाचे ढीग, त्यात पांढऱ्या पोटाचे मासे. एक बाई तळहाताने फेस बाजूला सारून भांडी विसळत होती. तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"तुम्ही मोर्चातल्या ना?" बाईने विचारलं. "आम्हालाही गाड्या भरभरून नेलं होतंत. घोषणा द्यायला."

मासोळी आल्या वाटेने मागे फिरली.

समारंभाला कारखान्याचा मॅनेजर आणि नणंद शेजारी शेजारी उभे होते. गालात हसणं, गळ्यात हार. मासोळी काठावर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, वळणापाशी चला. तिथे दोघी मिळून उडी मारू."

नणंदेच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. ओठ न हलवता ती म्हणाली, "घरी बोलू, वहिनी."

मॅनेजरनेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मुलांनी धडाधड उड्या टाकल्या. त्यात मासोळीची लेकही होती. पाण्यातून डोकं काढून ती ओरडली, "आई, तळ दिसतोय गं!" मासोळीचा जीव क्षणभर हरखला, आणि त्या हरखण्याचीच तिला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती वस्तीत गेली तेव्हा कुणी तिला बस म्हणालं नाही. "तुमचं काम झालं ना? मग आता कशाला आलात?" भांडीवालीने विचारलं. तरी वस्तीतली माणसं कारखान्याच्या फाटकासमोर धरणं धरायला निघाली तेव्हा मासोळीही त्यांच्याबरोबर जाऊन बसली. या वेळी गर्दी नव्हती. नणंदेची गाडी समोरून जायची, काच वर चढवून.

धंदा मात्र पुन्हा जोरात सुरू झाला. पोट कुणाला चुकलंय? सकाळी मासोळी स्वच्छ पाण्यात मुलांना शिकवते आणि दुपारी फाटकावर बसते. भांडीवाली आता तिला सतरंजीवर जागा करून देते, पण तिच्याशी बोलत नाही. नणंद दुसऱ्यांदा निवडून आली. पाईप आहे तिथेच आहे. पुढच्या टप्प्याचं कुणी नावही काढत नाही.