ग्रीस लावलेला रिमोट

माझ्या शिक्षणाचं श्रेय द्यायचं तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या चाचांना. ते मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचे. मी लांज्याकडच्या एका गावातला. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं. शिकायला रत्नागिरीत आलो तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि ओळखीच्या ओळखीतून चाचांच्या घराची माडी राहायला मिळाली. दुसऱ्या वर्षानंतर बाबा मला मुंबईला कामाला धाडायला निघाले, तेव्हा चाचा एसटीने आमच्या गावी आले, घरापुढच्या खळ्यात बसले आणि संध्याकाळपर्यंत बाबांशी बोलत राहिले. मला आत चहा करायला पाठवलं होतं, त्यामुळे काय बोलणं झालं ते पूर्ण ठाऊक नाही. जाताना मला एवढंच म्हणाले, "सोमवारी कॉलेजात दिसायला हवास." मी पदवीधर झालो तो त्या दिवसाच्या त्यांच्या बोलण्यामुळे.

गेल्या वर्षी चाचांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र तोंडातून निघत नव्हता. उजवा हातही लुळा पडला. इस्पितळात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी घरी करायच्या सरावाचे व्हिडिओ दिले आणि सांगितलं, "मोठ्या पडद्यावर लावा. ओठ कसे हलतात ते त्यांना नीट दिसलं पाहिजे. आणि खंड पडू देऊ नका, आलेले शब्दही परत जातात."

चाचांचा मुलगा आखातात असतो. मागच्या सुट्टीत त्याने टीव्हीच्या मागे इंटरनेटची स्टिक खोचून, तिचा छोटा रिमोट चाचीच्या हातात दिला होता. त्या स्टिकवर चाची रोज चहानंतर तो व्हिडिओ लावायची. बाई म्हणायच्या "पा", चाचा ओठ मिटून उघडायचे. काही महिन्यांनी त्यांना "पाणी" म्हणता यायला लागलं. फोनवर मला ते ऐकवताना चाचीचा आवाज केवढा चढला होता.

पुढे पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत, बोटी वर ओढल्या त्या सुमाराला, चाचीचा फोन आला.

"अरे बाबा, ह्यो रिमोट ऐकतच नाय."

मी चिपळूणला नोकरीला आहे. फोनवरूनच एकेक विचारत गेलो. नवे सेल घातले? घातले, दुकानदाराकडून तपासून आणले. टीव्हीमागचा प्लग काढून परत लावला? लावला. बटण दाबल्यावर रिमोटवरचा बारीक दिवा लागतो?

"दिवाबिवा काय नाय. मेलाय तो."

"मग सध्या मोबाइलवर लावून द्या."

"लावला की. एवढंसं तोंड बघून ह्यांनी मान फिरवली भिंतीकडे. काल पाणी हवं होतं, तर नुसतं बोट दाखवलं."

ते ऐकलं आणि रविवारी सकाळची पहिली एसटी पकडली.

चाचा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मला बघून डावा हात वर केला, तोंडाने काही नाही. चाचीने रिमोट आणून दिला. खारी हवा लागू नये म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलं होतं. पिशवी काढून मी मागचं झाकण सरकवलं. आतल्या स्प्रिंगा पिवळ्या, चिकट ग्रीसमध्ये बुडालेल्या.

"चाची, हे काय?"

"मीच लावलंय. बोटी वर आल्या की घरातल्या सगळ्या लोखंडाला ग्रीस लावायचं, ही ह्यांचीच शिस्त. कडी, कुलूप, शिलाई मशीन. बोटीच्या बॅटरीला पण लावायचे की."

तिचं बरोबर होतं, फक्त बोटीच्या बॅटरीची पकड पान्याने आवळलेली असते, वरून ग्रीस लावलं तरी आत धातूला धातू भिडलेला राहतो. इथे नाजूक स्प्रिंगा, त्यांच्या आणि सेलच्या मध्येच ग्रीसचा थर. मी कापसाने पुसून काढलं. चाचांच्या इंजेक्शनांसाठी आणलेलं स्पिरिट घरात होतं, त्याने पुन्हा पुसलं. सेल घातले. दिवा लागला. टीव्हीच्या पडद्यावर मात्र काहीच हललं नाही.

"एवढा शिकलास नि बटण दाबायला चिपळूणवरून आलास," चाची म्हणाली. "तेही जमेना."

रिमोट चालू झाला होता, पण स्टिकशी त्याची जोडणी तुटली होती. ती पुन्हा करायला प्लग काढून लावायचा आणि घराचं चित्र असलेलं बटण दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. मी धरलं, काही होत नाही असं वाटून सोडलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. तेव्हा चाचांनी हात पुढे केला. मी रिमोट त्यांच्या डाव्या हातात दिला आणि बटण दाखवलं. त्यांनी अंगठा ठेवला तो उचललाच नाही. दिवा लुकलुकायला लागला तरी नाही. पडद्यावर रिमोट जोडला गेल्याची पाटी आली, मग कुठे अंगठा सैल केला.

व्हिडिओ सुरू झाला. बाई म्हणाल्या, "पा." चाचांनी तिकडे पाहिलंच नाही. ते चाचीकडे बघत होते, ओठ जुळवत होते. बराच वेळ लागला.

"ग्... ग्रीस."

हा शब्द व्हिडिओत कुठेच नव्हता. चाची पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघ. तोंड उघडलं ते मला नावं ठेवायला."

संध्याकाळपर्यंत "पाणी"ही परत आलं. मी इस्पितळातल्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आता छोटी छोटी वाक्यं मोठ्याने वाचायला द्या. चाचा मराठी शाळेत शिकलेले. चिपळूणला परतल्यावर मी जाड पेनाने, टपोऱ्या अक्षरात लिहून हे पत्र पोस्टात टाकलं:

चाचा, सलाम.
मी पोचलो.
एसटीत बसायला जागा मिळाली.
बाबा बरे आहेत. आई बरी आहे.
भात पेरला.
बाबा तुमची आठवण काढतात.
मी पण काढतो.
मी शिकलो, ते तुमच्यामुळे.
हे पत्र चाचीला वाचून दाखवा.
रोज थोडं. मोठ्याने.
चाची हसली तर हसू द्या.
रविवारी येतो.
खाली माझं नाव लिहिलेलं नाही.
मी दारात आलो की तुम्ही नावाने हाक मारा.